हिंदुरावाचा वाडा

दिल्लीच्या सदर बाजारात बारा टूटी नावाचा चौक आहे. टूटी म्हणजे आपली तोटी. तिथून आझाद मार्केटच्या दिशेनं निघालं, की हातगाड्या, गाठोडी वाहणारे मजूर आणि मधोमध अडकलेली एखादी सायकलरिक्षा यांच्यातून वाट काढता काढता दुकानांच्या पाट्यांवरचा पत्ता बदलतो. 'बाड़ा हिंदूराव' असं दिसू लागतं. इंग्रजी पाट्यांवर बारा टूटीतलं 'बारा' आणि इथलं 'बाड़ा' एकाच स्पेलिंगनं लिहितात. त्यामुळे इंग्रजी वाचून आलेला माणूस 'बारा हिंदूराव' म्हणतो, जणू इथे डझनभर राव राहत होते. काहीजण 'बड़ा हिंदूराव' म्हणतात. मग छोटा कुठे गेला, हे त्यांना विचारावंसं वाटतं. देवनागरी पाटी मात्र बरोबर आहे. हा बाड़ा म्हणजे ग्वाल्हेरच्या 'महाराज बाड़ा'तला बाड़ा. 'ब'चा 'व' करा आणि 'ड'खालचं टिंब पुसून टाका. वाडा. हिंदुरावाचा वाडा.

मी दिल्लीत राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण ही दोन अक्षरं जागच्या जागी बसायला मला वेळ लागला. हिंदूराव अस्पताल हे नाव कानावर होतं. उत्तर दिल्लीत कुणाचा अपघात झाला, कुणी गच्चीवरून पडलं, की वर्तमानपत्रात त्याला 'हिंदूराव अस्पताल'मध्ये नेलेलं असायचं. एकदा तीस हजारीहून तिकडे जाताना रिक्षावाल्याला विचारलं, "कौन थे ये हिंदूराव?" त्यानं क्षणभरही न थांबता सांगितलं, "कोई डाक्टर रहे होंगे जी, अस्पताल जो है." उत्तर तर्काला धरून होतं. दिल्लीत नाव विचारलं तर बहुतेक वेळा असंच उत्तर मिळतं, कारण शहर इतक्यांदा उजाडलं आणि वसलं की नाव राहतं आणि माणूस जातो.

आपल्याकडे उलट आहे. कोल्हापूरच्या बाजूला हिंदुराव हे नाव आजही गावोगाव भेटतं. तिकडच्या माणसाला एखादे तरी हिंदुरावकाका असतातच. मुळात हा किताब. औरंगजेबाच्या छावणीत शिरून संताजी घोरपड्यानं तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, त्यानंतर राजाराम महाराजांनी घोरपडे बंधूंना किताब दिले आणि त्यात बहिर्जीला 'हिंदुराव' मिळाला, असं परंपरा सांगते. किताबाचं पुढे नाव झालं, जसं सर्जेरावाचं झालं, झुंजाररावाचं झालं. दिल्लीकर मात्र हे नाव तोडून दोन शब्दांत वाचतो, हिंदू आणि राव, आणि पहिल्या शब्दाचा आजचा अर्थ घेतो. मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं होतं की या मोहल्ल्यात एवढी मुसलमान वस्ती आहे, मग नाव असं का? त्यांना वाटत होतं की कधीतरी कुणीतरी मुद्दाम ठेवलं असणार.

हा हिंदुराव कागलचा. पूर्ण नाव जयसिंगराव घाटगे. वडील सखाराम घाटगे, किताब सर्जेराव. आणि पुण्याच्या इतिहासात ज्या माणसांची नावं घेताना अजूनही तोंड कडू होतं त्यातलं हे एक. १७९८ साली सर्जेरावानं आपली मुलगी बायजाबाई दौलतराव शिंद्याला दिली आणि स्वतः त्याचा कारभारी झाला. शिंद्याच्या फौजेचा पगार थकलेला होता, पैसा हवा होता. तो पुण्यातल्या सावकारांकडून, नाना फडणिसाच्या माणसांकडून, ज्याच्या घरात चार पैसे असतील अशा कुणाकडूनही काढायचा, हे काम सर्जेरावानं अंगावर घेतलं. लोकांना फटके मारले, तापलेल्या तोफेला बांधलं. काही त्यातच मेले. ग्रँट डफनं हे लिहिलं आहे आणि मराठी इतिहासकारांनीही लपवलेलं नाही. १८०९ साली सर्जेराव शिंद्याच्याच छावणीत मारला गेला, तेव्हा पुण्यात कुणी डोळे पुसले असतील असं वाटत नाही.

अशा बापाच्या मुलाचं नाव दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाला आहे. नाव देणाऱ्यांना बापाची गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मुलानंही रुग्णालयासाठी काही केलं नव्हतं. तो दिल्लीत आला तो धर्मादाय करायला नाही. त्याला दुसरीकडे जागा उरली नव्हती.

त्याचं असं झालं. १८२७ मध्ये दौलतराव निपुत्रिक वारला. बायजाबाईनं जनकोजी नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि ग्वाल्हेरचा कारभार स्वतःच्या हाती ठेवला. ती हुशार होती, घोड्यावर बसणारी होती, पैशाचा व्यवहार जाणणारी होती. भाऊ हिंदुराव दरबारात वजन राखून होता. दत्तक मुलगा मोठा झाला तसा दोघांत बेबनाव वाढला. सैन्य मुलाच्या बाजूला गेलं आणि १८३३ मध्ये बायजाबाईला ग्वाल्हेर सोडावं लागलं. कंपनी सरकारनं मध्यस्थी केल्यासारखं केलं आणि जे व्हायचं ते होऊ दिलं. आग्रा, फतेहगड, अलाहाबाद, बनारस अशी बाईची भटकंती सुरू झाली. १८३५ मध्ये फतेहगडला फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिला भेटली. तंबूतल्या त्या मराठी बायका, त्यांचं घोड्यावर बसणं, याचं पार्क्सनं केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. बायजाबाईच्या त्या छावणीला मी कधीकधी मराठी माणसाचं उत्तरेतलं शेवटचं राज्य म्हणतो, तंबूत मावणारं.

हिंदुराव दिल्लीला आला.

इथे थोडं थांबायला हवं. तो आला त्या शहराचा किल्ला तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या दाजींच्या ताब्यात होता. महादजी शिंद्यानं १७८४ मध्ये बादशहा शाह आलमकडून वकील-ए-मुतलक हे पद मिळवलं, नाव पेशव्याचं आणि कारभार स्वतःचा. १७८८ मध्ये गुलाम कादिर या रोहिल्यानं लाल किल्ल्यात शिरून म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजीच्या सैन्यानं किल्ला परत घेतला, गुलाम कादिरला पकडलं, आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं. महादजीनंतर हे सगळं वारशानं दौलतरावाकडे आलं. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजजवळ जनरल लेकच्या फौजेनं शिंद्याच्या कवायती पलटणींना हरवलं. पलटणींचा सेनापती लुई बूर्कँ हा फ्रेंच होता. काही दिवसांत लेक किल्ल्यात बादशहासमोर उभा होता. बादशहा फाटक्या छताखाली बसला होता, असं इंग्रजांनी मोठ्या चवीनं लिहून ठेवलं आहे. वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दौलतरावाचा दिल्लीशी संबंध संपला.

पटपडगंजच्या लढाईचा स्मृतिस्तंभ आता नोएडाच्या गोल्फच्या मैदानात आहे. खेळणाऱ्यांच्या वाटेत येत नाही इतका बाजूला. तो अर्थात इंग्रजांनी उभारलेला, त्यांच्या विजयाचा.

म्हणजे हिंदुराव आला तेव्हा लाल किल्ल्यात शाह आलमचा मुलगा अकबरशहा पेन्शन खात बसला होता, पुढे त्याचा मुलगा बहादूरशहा बसला. आणि किल्ल्याबाहेर शिंद्याचा मेव्हणा, तोही सत्ता गेलेला. एका शहरात दोन घराणी, एकानं दुसऱ्याला सांभाळलं होतं आणि आता दोघांनाही कंपनी सांभाळत होती. त्यांची एकमेकांशी गाठभेट कशी होत असेल, कोण कुणापुढे किती वाकत असेल, याचा विचार करताना माझी मजल कल्पनेपलीकडे जात नाही.

त्यानं जे घर घेतलं ते त्याचं नव्हतं. दिल्लीच्या उत्तरेला अरवलीचं शेवटचं टोक आहे, खडकाळ, बाभळींनी भरलेलं. त्याला रिज म्हणतात, जुनी माणसं 'पहाड़ी' म्हणतात. तिथे १८३० च्या सुमारास विल्यम फ्रेझरनं पांढरीशुभ्र कोठी बांधली. फ्रेझर हा दिल्लीतला गव्हर्नर जनरलचा एजंट. स्कॉटलंडहून तरुणपणी आला आणि अर्धा हिंदुस्तानी झाला, फारसी-हिंदी बोलणारा, ग़ालिबशी ओळख ठेवणारा. त्यानं आणि त्याच्या भावानं दिल्लीतल्या व आसपासच्या माणसांची जी चित्रं काढून घेतली ती आज 'फ्रेझर अल्बम' म्हणून जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. फिरोजपूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन याच्याशी त्याचं वारशावरून वैर आलं. २२ मार्च १८३५ च्या संध्याकाळी फ्रेझर घोड्यावरून घरी परतत असताना एका स्वारानं त्याला गोळी घातली. मारेकरी करीम खान आणि मागून नवाब, दोघंही फासावर गेले. नवाबाला काश्मिरी दरवाज्याबाहेर फाशी दिली त्या वेळी त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. तो मुलगा म्हणजे पुढचा प्रसिद्ध शायर दाग़ देहलवी.

खून झालेल्या माणसाची कोठी विकायला निघाली आणि कागलकर घाटग्यानं ती घेतली. स्वस्तात पडली की महाग, यापेक्षा मला दुसरीच गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते: तटाच्या आत, चांदणी चौकाच्या मागे, किती तरी हवेल्या होत्या. मराठा सरदारानं शहराबाहेर, टेकडीवर, इंग्रजी थाटाच्या घरात राहायचं ठरवलं. चारही बाजूंनी मोकळं, वारा येतो, खाली पूर्वेला तट आणि त्यामागे जामा मशिदीचे घुमट दिसतात. देशावरच्या माणसाला खडक आणि माळ ओळखीचा वाटला असेल. सरदाराचा लवाजमा मात्र एका बंगल्यात मावत नाही. घोडे, पागे, कारकून, शागीर्द, त्यांची बायकामुलं. त्यासाठी वाडा लागतो. टेकडीच्या दक्षिणेला खाली जी वस्ती आहे तिच्या नावात तो वाडा राहिला, आणि टेकडीवर घर राहिलं.

साहेबलोकांशी त्याची ऊठबस होती. त्या काळच्या दिल्लीत पाहुणे म्हणून आलेल्या इंग्रज बायाबाप्यांच्या लिखाणात तो अधूनमधून डोकावतो. ग्वाल्हेरच्या राणीचा भाऊ, अशी त्याची ओळख असते. त्याची स्वतःची म्हणून वेगळी नसते. १८५५ मध्ये तो वारला.

घराच्या आसपासची जमीन त्याच्या आधीपासून जुन्या गोष्टींनी भरलेली होती. फिरोजशहा तुघलकानं चौदाव्या शतकात इथे शिकारीचा महाल बांधला आणि मेरठहून अशोकाचा दगडी स्तंभ उचलून आणून त्यापाशी उभा केला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, फर्रुखसियरच्या काळात, दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन स्तंभाचे पाच तुकडे झाले. शंभरावर वर्षं ते तिथेच पडून होते. पहिल्यांदा फ्रेझरच्या आवारात, मग हिंदुरावाच्या. कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप ब्राह्मी लिपी उलगडत होता ती हीच वर्षं, १८३७ च्या आगेमागची. स्तंभाचा लेख असलेला भाग कापून कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीकडे गेला. तो १८६६ मध्ये परत आला, आणि १८६७ मध्ये तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा राहिला. आज रुग्णालयाच्या जवळ रस्त्याकडेला तो उभा आहे. जोडाच्या रेषा स्पष्ट दिसतात. खालच्या चौथऱ्यावरच्या इंग्रजी पाटीत अशोक आहे, फिरोजशहा आहे, ब्रिटिश सरकार आहे. ज्याच्या आवारात हे तुकडे वीस वर्षं होते त्याचा उल्लेख नाही, पण पाटी जिथे आहे त्या जागेलाच त्याचं नाव आहे, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही.

त्याच्या नावाला जगभर पोचवलं ते त्याच्या मरणानंतर दोन वर्षांनी आलेल्या उन्हाळ्यानं. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. ८ जूनला बादली की सरायची लढाई जिंकून इंग्रज फौज रिजवर येऊन बसली आणि शहर परत घेईपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, तिथेच बसून राहिली. या ठाण्यात तटाला सर्वांत जवळचं, सर्वांत उघडं आणि म्हणून सर्वांत जास्त मारा झेललेलं ठिकाण म्हणजे हे घर. मेजर चार्ल्स रीडच्या हाताखालची गुरख्यांची सिरमूर पलटण ते धरून बसली होती. मोरी दरवाज्याजवळच्या बुरुजावरून तोफा थेट त्याच्या भिंतींवर डागल्या जात. २३ जूनला प्लासीला शंभर वर्षं पूर्ण होत होती; त्या दिवशी कंपनीचं राज्य संपणार अशी वावडी होती, आणि बंडवाल्यांनी दिवसभर या टेकडीवर हल्ले केले. वेढा संपेपर्यंत सिरमूर पलटणीच्या ४९० माणसांपैकी ३२७ मेली किंवा जखमी झाली. इंग्रजांच्या प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक नकाशात, प्रत्येक पदकधाऱ्याच्या आठवणीत 'हिंदू रावचं घर' आलं ते असं. पुढच्या वर्षी फेलिचे बिआटो या छायाचित्रकारानं त्याचा फोटो घेतला. भिंतींना भोकं पडलेली, खांब ढासळलेले.

मराठी माणूस १८५७ म्हटलं की कानपूरचा नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी डोळ्यांसमोर आणतो. त्याच युद्धात दिल्लीत एक मराठी नाव इंग्रजांच्या बाजूचा सर्वांत भक्कम बुरूज म्हणून गाजत होतं. नावाच्या धन्याचा दोष नाही, तो जिवंतही नव्हता. पण आपल्या इतिहासात हिंदुरावाला जागा मिळाली नाही याचं कारण इथेच असावं असं मला वाटतं. अभिमानाच्या कथेत हे घर बसत नाही, आणि शरमेच्या कथेतही नीट बसत नाही.

रिजवर चढत जाणाऱ्या ज्या रस्त्यानं आपण रुग्णालयाकडे जातो त्याचं नाव आता रानी झांसी मार्ग आहे. वाटेत डाव्या-उजव्या झाडीतून लाल दगडाचा गॉथिक मनोरा दिसतो. इंग्रजांनी १८६३ मध्ये आपल्या मेलेल्या सैनिकांसाठी उभारला. १९७२ मध्ये त्याचं नाव अजीतगढ ठेवलं आणि एक पाटी लावली: मूळ लेखात ज्यांना शत्रू म्हटलं आहे ते स्वातंत्र्यासाठी लढणारे होते, अशा अर्थाची. मनोऱ्याचं नाव बदललं, रस्त्याचं बदललं. हिंदुरावाचं नाव कुणी बदललं नाही. बहुधा ते आपलंच आहे असं प्रत्येक सरकारला वाटलं असावं.

आपण मराठी लोक दिल्लीत येतो तेव्हा दुसऱ्याच खुणा शोधत येतो. पाहुणे आले की मी त्यांना लाल किल्ल्यात नेतो, आणि दिवाण-ए-खासमध्ये उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच: "भाऊंनी फोडलं ते चांदीचं छत इथलंच का?" हो, इथलंच. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊनं किल्ला घेतला, फौजेला खायला नव्हतं, आणि दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. सुमारे नऊ लाख, असा हिशोब सांगितला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमान असतो. शेजारी उभा असलेला दिल्लीवाला गाईड तीच गोष्ट परदेशी प्रवाशांना सांगत असतो, नादिरशहाच्या लुटीच्या पुढच्या वाक्यात. त्याच्या यादीत आपण तिथे आहोत. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही, कारण छताकडे पाहिलं की गाईडचं वाक्य समजतं.

तालकटोऱ्याचंही तसंच. १७३७ च्या चैत्रात बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीवर येऊन थडकला. कालकादेवीच्या जत्रेत त्याच्या स्वारांनी लूट केली, तालकटोऱ्याच्या परिसरात बादशाही फौजेला त्यांनी उधळलं, आणि दोन-तीन दिवसांत तो परत फिरला. शहर जाळायचं मनात होतं पण तसं केलं तर राजकारण बिघडेल म्हणून सोडून दिलं, असं त्यानं चिमाजीअप्पाला कळवलं. आजच्या तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं मराठी साहित्य संमेलन भरलं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीत याआधीचं संमेलन १९५४ मधलं, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. तालकटोऱ्यावर संमेलन म्हटल्यावर बाजीरावाची आठवण निघणं ओघानं आलंच. मी गर्दीत उभा होतो आणि मला हिंदुरावाचं नाव एकदाही ऐकू आलं नाही. मी सगळी भाषणं ऐकली असं नाही, पुस्तकांच्या दालनातही वेळ गेला.

चांदणी चौकाच्या किल्ल्याकडच्या टोकाला लाल जैन मंदिराच्या बाजूला गौरीशंकर मंदिर आहे. १७६१ मध्ये अप्पा गंगाधर या मराठ्यानं बांधलं अशी तिथली परंपरा आहे. लढाईत जखमी झालेल्या सरदारानं जगलो तर देऊळ बांधीन असा नवस केला, असं सांगतात. सालाबद्दल मला शंका आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं; त्यानंतरच्या महिन्यांत दिल्लीत देऊळ बांधण्याच्या अवस्थेत कुठला मराठा होता? महादजीच्या काळात, पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत, ते जास्त शोभतं. पण सोमवारी सकाळी तिथे गेलं, की ही शंका बोलून दाखवावीशी वाटत नाही. हारवाले, बेलपत्रं, मारवाडी आणि खत्री बायका, दिल्लीच्या हिंदीतल्या आरत्या. मराठी ऐकू येत नाही. देऊळ त्यांचं झालं आहे.

पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. गेल्या शतकात नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांनी उभं केलेलं. गणपतीत तिथे गेलं की घरच्यासारखं वाटतं. ती वेगळी कथा आहे आणि ती सांगणारी माणसं अजून आहेत. पहाडगंजपासून बाड़ा हिंदूराव फार तर अर्ध्या-पाऊण तासाच्या पायी अंतरावर असेल. तिथल्या एका वयस्कर बाईंना मी वाड्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, सदर बाजारात आम्ही तांब्या-पितळेची भांडी आणायला जायचो, तेव्हा ते नाव वाचायचो. आम्हांला वाटायचं, कुणी रजपूत असेल."

रुग्णालय महापालिकेचं आहे. घर दुरुस्त झालं, आजारी इंग्रज शिपायांच्या कामी आलं, आणि मग त्याच्याभोवती इमारतींवर इमारती उठत गेल्या. आवारात तुघलकांच्या वेळची बावडी आहे, खोल, दगडी, आता कठडा लावून बंद केलेली. शेजारी पीर गायब नावाची पडकी दुमजली वास्तू आहे, तीही फिरोजशहाच्या शिकारमहालातलीच. दुपारी बारा वाजता ओपीडीची रांग संपत आलेली असते आणि पेशंटबरोबर आलेले लोक या पडक्या भिंतींच्या सावलीला डबे सोडून बसतात. सोनिपतचे, लोणीचे, बुराडीचे. माकडं डब्यांवर नजर ठेवून असतात.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाला घेऊन मी तिथे गेलो होतो. हात मोडला होता. खिडकीतून पर्ची मिळाली, तिच्यावर छापलेलं: हिंदू राव. मधे जागा सोडून, दोन शब्द. प्लास्टर होईपर्यंत वेळ होता, म्हणून मुलाच्या आजीला मी थोडक्यात सांगितलं की हा कोल्हापूरजवळच्या कागलचा माणूस होता, बहिणीचं राज्य गेलं म्हणून इकडे आला, इथेच गेला. आजी मूळच्या मुलतानच्या, १९४७ मध्ये लहानपणी दिल्लीला आलेल्या. त्यांनी पर्ची हातात घेऊन पुन्हा वाचली. "अच्छा," म्हणाल्या, "तो ये भी बाहर से आए थे." आणि मग विचारलं की परत गेला नाही का तो गावी कधी.